खांदा अठरा, छाती बत्तीस

पार्सलमध्ये अकरा वस्तू होत्या. दोन पंचे, उशीचे दोन अभ्रे, मोज्यांचे तीन जोड, बामची एक बाटली, सुयांचं एक पाकीट, माझा जुना चष्मा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला एक स्वेटर. आईच्या अक्षरातल्या यादीतही अकराच होत्या, म्हणजे वाटेत काही हरवलं नव्हतं. यादीत शेवटच्या वस्तूपुढे लिहिलं होतं: ताडमाडसाठी.

ताडमाड म्हणजे माझी इथली मैत्रीण. ती आता इथे नाही, किंवा आमचं बिनसलंय, असं काही नाही. ती मुळातच नाही. चौदा महिन्यांपूर्वी मी या देशात आले, तेव्हा दुसऱ्या रविवारी आईनं फोनवर विचारलं, "कुणी ओळखीचं झालं का गं?" त्या आठवड्यात मी मोठ्यानं किती वाक्यं बोलले होते ते माझ्या लक्षात होतं. कामाचं सोडून चार. त्यातली दोन बसच्या ड्रायव्हरशी, एक दुकानात आणि एक चुकून आरशाशी. पण फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. ती उत्तराची वाट बघताना श्वास धरून ठेवते, लहानपणी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धरायची तसा. मी म्हणाले, "झाली की एक." "कशी आहे?" खोलीच्या कोपऱ्यात घरमालकिणीनं ठेवलेला एक उभा दिवा होता, बारीक दांड्याचा, माझ्यापेक्षा उंच. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, "उंच आहे. बारीक आहे." मागून बाबांचा आवाज आला, "उंच म्हणजे किती? ताडमाड?" नाव तुला म्हणता येणार नाही, असं मी आईला सांगितलं, आणि तेव्हापासून ती ताडमाड झाली. ताडमाड काय म्हणते, ताडमाडला सर्दी झाली होती ती गेली का, ताडमाडला सांग दारातून आत येताना वाकून ये. हे शेवटचं बाबांचं. ते प्रत्येक वेळी तेच म्हणत आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत.

खोटं बोलणं मला जमत नाही असं मी समजत होते. प्रत्यक्षात मला जमत नव्हतं ते बेशिस्त खोटं. वहीच्या मागच्या पानावर मी नोंद ठेवू लागले: तारीख, काय सांगितलं, कुणाला सांगितलं. म्हणजे पुढच्या रविवारी विसंगती नको. पार्सल आलं त्या दिवशी तिथे एकतीस नोंदी होत्या. ताडमाड डावखुरी आहे. ताडमाडला पोहता येतं. ताडमाडच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवव्या नोंदीत मांजर होतं, कारण आईनं विचारलं, घरी कोण कोण असतं तिच्या, आणि एकटी असते म्हटलं असतं तर आई दोघींची काळजी करत बसली असती. पण मांजरांबद्दल मला काहीच माहीत नाही आणि आईचे प्रश्न संपेनात: काय खातं, रात्री बाहेर जातं का, ती कामावर गेल्यावर त्याचं काय. विसाव्या नोंदीत मी ते मांजर मारून टाकलं. आई बाकीचे प्रश्न विसरली. मग म्हणाली, "किती वर्षांचं होतं?" मी म्हणाले चौदा. "चौदा वर्षं म्हणजे घरातलंच माणूस गं," ती म्हणाली. त्या रविवारी तिनं माझी चौकशीच केली नाही. तिला एकटं सोडू नकोस, एवढं म्हणून फोन ठेवला. मी फोन हातात धरून बसून राहिले. कुठल्यातरी नसलेल्या बाईला एकटं सोडलं म्हणून मला खरोखरच कसंतरी होत होतं, आणि त्या दिवशी मी संध्याकाळी बाहेर पडले ती नेहमीपेक्षा दोन थांबे लांब चालत गेले.

आई तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. हिवाळ्यात हाताला ऊब म्हणून विणते. माझं लहानपण मापांच्या वहीच्या बाजूला गेलं. बायका यायच्या, दोन्ही हात थोडे वर करून उभ्या राहायच्या, आणि आई टेपकडे न बघता बोटांनीच माप घ्यायची आणि मग टेप फक्त खात्रीला. पण मला तिनं मशीनला कधी हात लावू दिला नाही. मी पायडलवर नुसता पाय ठेवला तरी ओरडायची, "ऊठ. पुस्तक घेऊन बस. एकीनं डोळे फोडलेत तेवढे पुरे." मी पुस्तक घेऊन बसले. वजनमापांचं शास्त्र शिकले, पदवी घेतली, आणि आज मी ज्या तराजूवर काम करते तो कागदावरची पेन्सिलची रेघ वजनात दाखवतो. बाईचा खांदा किती रुंद असतो हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी आई जेव्हा म्हणाली, "ताडमाडला एक स्वेटर करते, मापं पाठव," तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. म्हटलं तिच्याकडे खूप आहेत. "असू देत. हातचा आहे का?" म्हटलं तिला लोकर टोचते. "मऊ आणते. तू मापं सांग, उगाच फाटे फोडू नकोस." मग मी सांगितली. बारीक आहे म्हणून छाती बत्तीस. उंच आहे म्हणून खांदा अठरा, बाही सव्वीस. उंची चोवीस. कामावर मी न वाचलेला एकही आकडा आजवर लिहिलेला नाही. त्या दिवशी चार आकडे मी एका दमात हवेतून काढून दिले आणि माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तिकडून पेन्सिल घासल्याचा आवाज आला, मग थांबला. "अठरा?" आईनं विचारलं. "हो." "बरं," आई म्हणाली, आणि पेन्सिल पुन्हा घासली.

तर तो स्वेटर. गडद निळा, कडांना पांढरी बारीक ओळ. मी तो पलंगावर पसरला आणि शनिवारच्या सकाळच्या उजेडात तो मला माणसाच्या कपड्यासारखा दिसेना. वरचा भाग कुणा पैलवानाचा, खालचा शाळेतल्या मुलीचा. बाह्या पलंगाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होत्या. मी फोटो काढला नाही. मी तो खुर्चीच्या पाठीला घातला, कारण खोलीत दुसरी जागा नव्हती, आणि तिथे तो बसला. खुर्चीची पाठ बत्तीस असावी. तेवढ्यात आईचा फोन आला. पार्सल मिळालं, सगळं मिळालं, चष्म्याची काडी मोडली नाही. "आता ऐक. पुढच्या रविवारी तिला घरी बोलव. अंगावर कसा बसतो ते मला बघायचंय." मी म्हणाले तिला वेळ असेल की नाही. "चौदा महिने झाले," आई म्हणाली, "एकदा तोंड दाखवायला वेळ नाही तिला? का मी चावते?" बाबा मागून म्हणाले, "फोन आडवा धर म्हणावं, नाहीतर मावायची नाही." मी हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हसताना मी खुर्चीकडे बघत होते.

तो आठवडा मी लोकांचे खांदे बघत काढला. बसमध्ये, जिन्यात, कँटीनच्या रांगेत. रुंद खांद्याच्या बायका होत्या, पण त्यांच्या छात्या बत्तीस नव्हत्या. बारीक मुली होत्या, त्यांचे खांदे चौदाच्या आत. मंगळवारी एक उंच बाई बसमध्ये माझ्यासमोर उभी होती, हात वर करून दांडा धरलेला, आणि मी तिच्या बाहीचा अंदाज घेत इतकी टक लावून बघत बसले की तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे सरकली. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या गावातून एक माणूस उसनं आणायचं, एका दुपारपुरतं, आणि त्याचं माप आधीच ठरलेलं! बुधवारी मी दुसरा मार्ग काढला. वहीच्या मागच्या पानावर, बत्तिसावी नोंद म्हणून, पेन्सिलीनं लिहिलं: ताडमाडची बदली झाली. वाक्य सोपं होतं. घटनाही रोजची. मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं, "आई, अगं तिची बदली झाली," आणि दुसऱ्यांदा म्हणताना मी 'बदली'पाशीच थांबले. मला स्वतःचीच गंमत वाटली आणि रागही आला. दिव्याच्या दांड्यावरून बेतलेल्या बाईची बदली झाली म्हणून मी रडणार होते की काय? पण मग मी नीट विचार केला. रविवारी आईला सांगायचं म्हणून मी आठवडाभर गोष्टी जमवत असे: बागेत नवीन बाक आले, ग्रंथालयातला म्हातारा सगळ्यांना श्श करतो आणि स्वतः शिंकतो. ताडमाड आणि मी गेलो होतो, ताडमाड आणि मी हसलो. ताडमाड नसती तर मी त्या बागेत गेलेच नसते. तिची बदली झाल्यावर पुढच्या रविवारी माझ्याजवळ काय उरणार होतं? काम, खोली, बस. आणि आईचा धरून ठेवलेला श्वास.

काम गुरुवारीही नेहमीसारखंच सुरू झालं. आमच्याकडे दुकानांतली, कारखान्यांतली, औषधं बनवणाऱ्यांची वजनं तपासायला येतात. आमच्या प्रमाण वजनाशी ताडून त्यांतला फरक काढायचा, एवढंच. पण फरक इतका लहान असतो की माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा तराजूला कळते, म्हणून तोलखोलीत जाण्याआधी बाहेरच्या छोट्या खोलीत वीस मिनिटं नुसतं बसायचं. निवायचं. आत गेल्यावर बोलायचं नाही. मी काचेच्या मागे चिमट्यानं वजन ठेवते, तराजू स्थिर होईपर्यंत तीस मोजते, शेवटचे तीन आकडे वाचते. माझ्या बाजूला, बाराशे मिलिमीटरवर, नोंदवाली बसते. ती आकडे परत म्हणते आणि लिहिते. हे दोघींचं काम आहे. एकटीचं वाचन आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत. नोंदवाली पंचावन्नच्या आसपासची, बुटकी, आडव्या अंगाची, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला. चौदा महिन्यांत तिनं मला आणि मी तिला आकड्यांखेरीज फारसं काही म्हटलेलं नव्हतं. निवायच्या खोलीत ती शब्दकोडं सोडवते आणि मी फोन बघते. मी एकदा हिशेब केला होता: दोनशे ऐंशी दिवस, रोज वीस मिनिटं, म्हणजे त्र्याण्णव तास आम्ही एका बाकावर काही न बोलता बसलो होतो. सुरुवातीला तिनं दोनदा-तीनदा काहीतरी विचारलं होतं. हवेबद्दल असावं. मला तिचे उच्चार कळायला वेळ लागत होता आणि उत्तर मनात जुळेपर्यंत ती शब्दकोड्याकडे वळलेली असे. मग तिनं विचारणं सोडलं, मीही सुटले. तिचा आकड्यांचा आवाज मात्र मला पाठ होता. दुपारी तीननंतर तिचा नऊ थकतो. सोमवारी तिचा चार जरा चिडका असतो.

त्या दिवशी सहाव्या वजनाला माझं मन रविवारवर होतं. तीस मोजले, काचेतून पाहिलं, आणि वाचलं: "दोन, चार, सात." म्हणाले आणि हातातला चिमटा तसाच राहिला. मी मराठीत वाचलं होतं. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. चुकलेलं वाचन खोडून एक आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची, आणि सगळी फेरी पहिल्यापासून घ्यायची असा नियम आहे, आणि मी तोंड उघडणार इतक्यात बाजूनं आवाज आला, "दोन, चार, सात." मराठीत. 'चार'मधला च थोडा जड, 'सात'मधला त टाळूकडे वळलेला. मी मान वळवली. ती लिहीत होती. २४७. तिनं पेन उचललं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि भुवई नुसती उंचावली: पुढे? आत बोलायचं नसतं. अजून नऊ वजनं होती. त्या एक तास दहा मिनिटांत माझ्या कानांमागे गरम झालेलं होतं, आणि तराजूला ते कळू नये म्हणून मी हळू श्वास घेत होते. शेवटच्या वजनापर्यंत मी इथल्या भाषेत, शाळेतल्या मुलीसारखे स्पष्ट, एकेक आकडे वाचले.

बाहेरच्या खोलीत आल्यावर तिनं हातमोजे काढले, बोटाबोटानं, नेहमीसारखे. मी म्हणाले, "तुला आमचे आकडे येतात?"

"तीसपर्यंत," ती म्हणाली.

"कुणी शिकवले?"

"तू. तुला वाटतं तू मनात मोजतेस. तू ओठांत मोजतेस."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतंस." तिनं हातमोजे खणात टाकले. "पहिले दोन महिने वाटलं, देवाचं काही म्हणते बाई. मग एकदा मीही घड्याळ लावून बघितलं, तर बरोबर तीस. मग पाठच झालं. तीसच्या पुढचं येत नाही. तीसच्या पुढे तू कधी जात नाहीस."

मी बाकावर बसले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्याजवळ होतं तेवढंच बोलले. "एकतीस," मी म्हणाले.

"एकतीस," ती म्हणाली.

"बत्तीस."

ती म्हणाली, "बत्तीस," आणि मी पुढे जाईना. ती थांबली, थांबणं तिला चांगलं येतं, कामच तसं आहे. मग मी सगळं सांगून टाकलं. दिवा, ताडमाड, वही, एकतीस नोंदी, मांजर, मापं, स्वेटर, रविवार. इथल्या भाषेत मी इतकं सलग कधीच बोलले नव्हते. क्रियापदं पडत होती, उठत होती. सांगताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाच्या तब्येतीबद्दल बोलल्यासारखा येत होता. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मांजर कशानं मेलं?"

"वयानं."

"बरं झालं. माझ्या नाकाला मांजर चालत नाही." तिनं चष्मा साखळीवरून उचलून डोळ्यांवर लावला, जणू आता लिहायचं होतं. "रविवारी किती वाजता?"

"पण तू..." मला कसं म्हणावं कळेना. "तुझी छाती बत्तीस नाही."

"बत्तीस मी पाळण्यात असताना होते," ती म्हणाली. "किती वाजता?"

रविवारी ती तीनला यायची होती, तीनला आठ मिनिटं कमी असतानाच आली. बगलेत एक घडीचं स्टूल होतं. "तुझ्याकडे एकच खुर्ची असणार असं वाटलं," ती म्हणाली. मी तिला विचारलं नाही कशावरून. तिनं स्टूल उघडलं, त्याचा एक पाय डुगडुगत होता, खाली कागदाची घडी सरकवली, हलवून बघितलं, आणि मग खोली पाहिली: पलंग, टेबल, दिवा. दिव्यापुढे ती जरा जास्त थांबली. "हीच का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाकीडोळी बरी आहे." माझं हसू थांबेना. चौदा महिन्यांत त्या खोलीत मी फोनशिवाय हसल्याचं मला आठवत नाही; आवाज भिंतीला लागून परत आल्यासारखा मोठा वाटला आणि मी तोंडावर हात ठेवला. तिला आपलं म्हणणं इतकं यशस्वी झाल्याचं नवल वाटलेलं दिसलं. तिनं बाटलीतून आणलेला चहा दोन कपांत ओतला, एक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "हं. आण तो."

ठरलं असं होतं की ती ताडमाड व्हायची. फोनमध्ये उंची कळत नाही, रुंदीचं काय ते बघू, नाहीच बसला तर स्वेटर मागून उसवून पुढे धरू, असं तिनं दोन दिवस निवायच्या खोलीत शब्दकोडं बाजूला ठेवून योजलं होतं. मला तेव्हा ते पटलंही होतं. तिनं डोकं स्वेटरमध्ये घातलं. हात बाह्यांत गेले, बाह्या लांब, हात सापडेनात. मग स्वेटर छातीशी अडकला, वरही येईना, खालीही जाईना. "ओढ," ती आतून म्हणाली. मी खालून ओढत होते. "खाली नको, वर ओढ. अगं माझा चष्मा!" मी वर ओढू लागले, ती दोन्ही रिकाम्या बाह्या उभारून स्टुलावर डुलत होती, आणि नेमका फोन वाजला. टेबलावर कपाला टेकवून ठेवलेला होता. कोपर लागलं असावं, तो सुरू झाला. आईचं कपाळ दिसलं, मग डोळे.

"हे कोण?" आई म्हणाली. "डोकं कुठंय हिचं?"

मी दोन्ही हातांनी ओढलं आणि नोंदवाली बाहेर आली, केस उभे, चष्मा एका कानाला लोंबत. तिनं सरळ फोनकडे बघितलं आणि मान लववली. आईच्या मागून बाबा वाकले. "ही ताडमाड?" ते म्हणाले. "थंडीनं आटली वाटतं." आईनं त्यांना कोपरानं मागे सारलं. ती बघत होती, आणि तो धरून ठेवलेला श्वास मला इतक्या लांबून, काचेतून, स्पष्ट कळत होता. आता मी काय म्हणेन त्यावर पुढचे सगळे रविवार ठरणार होते. माझ्या शेजारी नोंदवाली अवघडून हसत बसली होती. मी म्हटलं असतं ही ताडमाड, तर ती पुढची कितीतरी वर्षं तेवढ्याच निष्ठेनं ताडमाड राहिली असती, डावखुरीसुद्धा झाली असती. आणि मग आईच्या लेखी ही कधी असलीच नसती.

"आई," मी म्हणाले, "ही ताडमाड नाही. ही माझ्याबरोबर कामाला असते. ताडमाड कुणीच नाही. मी बनवून सांगितलं सगळं. पहिल्यापासून."

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. आईनं पदरानं नाक पुसलं. "मापं सांगितलीस तेव्हाच मला वाटलं," ती म्हणाली. "अठरा खांदा आणि बत्तीस छाती. तीस वर्षं मापं घेते मी. म्हटलं हे माणूस आहे की कपडे वाळत घालायचा हँगर?"

"मग विणलास कशाला?"

"विणला." तिनं इकडेतिकडे बघितलं, जणू उत्तर खोलीत कुठेतरी ठेवलेलं होतं. "दर रात्री वाटायचं, हिला विचारावं. मग वाटायचं, विचारलं तर ही रविवारी काय बोलणार माझ्याशी? आणि खरं सांगू का, कधीकधी वाटायचं, मीच चुकत असेन. तिकडे असतील अशी माणसं. मी कुठे पाहिलेत तिकडचे खांदे." ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मांजर तरी खरं होतं का गं?"

"नाही."

"मला फार वाईट वाटलं होतं त्याचं," आई म्हणाली.

"मला माहीत आहे."

नोंदवालीला यातले आकडे सोडून अक्षरही कळत नव्हतं, पण मी नाक ओढलं तेव्हा तिनं चहाचा कप माझ्या हाताजवळ सरकवला. आईनं ते पाहिलं. मी बघत होते, तिचे डोळे कपावरून त्या हातावर गेले, हातावरून दंडावर, दंडावरून खांद्यावर, आणि तिथे थांबून बारीक झाले. ब्लाउज शिवायला आलेली नवी बाई दारात उभी राहिली की ती असंच बघते. "तिला म्हणावं, तो काढ," आई म्हणाली, "दम कोंडेल. आणि तो पाठवून दे परत, उसवून सारखा करते. लोकर कमी पडेल थोडी. आणीन. तू हिची मापं घे."

"आत्ता?"

"मग कधी? आणि ह्या वेळी हात लावून घे."

खोलीत टेप नव्हती. माझ्या बॅगेत कामावरची पोलादी पट्टी होती, पण ती अंगाला वळत नाही. दोरा चालला असता, पण दोरा ताणला जातो. मी छापील कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या आणि चिकटवून जोडल्या. नोंदवालीला मी काय करायचं आहे ते सांगितलं. ती स्टुलावरून उठली, दोन्ही हात थोडे वर करून उभी राहिली, कुणी शिकवल्याशिवाय. मी पट्टी तिच्या पाठीमागून नेली. इतक्या जवळ मी या देशात कुणाच्या गेले नव्हते. तिच्या मानेला साबणाचा वास होता, आणि ऊब चांगलीच होती. तोलखोलीत ती माझ्या शेजारी बसते तेव्हा ही सगळी ऊब ती बाहेर निववून येते. खांदा, छाती, बाही, उंची. प्रत्येक वेळी पेन्सिलीनं खूण, मग पट्टी टेबलावर सपाट ठेवून पोलादी पट्टीवर वाचन, तीनदा. आई इंच मागत होती, मी सेंटीमीटर वाचून इंच करून देत होते. तिची पेन्सिल घासत होती. एकदाही ती "अं?" म्हणाली नाही.

"गळा राहिला," आई म्हणाली.

नोंदवालीनं चष्मा काढून हातात धरला आणि हनुवटी वर केली. मी नवी पट्टी तिच्या गळ्याभोवती घेतली, तिनं आवंढा गिळला, तो जाईपर्यंत थांबले. सदतीस पूर्णांक एक. सदतीस पूर्णांक दोन. सदतीस पूर्णांक दोन. साडेचौदा इंच आणि वर एक सूत.